अम्माचं मत

८ नोव्हेंबर

पंचायत निवडणुकीसाठी पार्टीच्या उमेदवारांची यादी लागली. सहाव्या वॉर्डापुढे माझं नाव नाही. अनुश्री म्हणून कोणी आहे. वय सव्वीस, वरच्या कमिटीतल्या भास्करेट्टांची सून, राहते तालुक्याच्या गावी. मतदारयादीत नाव इथलं आहे, एवढाच तिचा आणि वॉर्डाचा संबंध. आमच्या विहिरींपैकी कुठली उन्हाळ्यात खारट होते हे तिला विचारा, सांगता येणार नाही.

वॉर्ड या वेळी बायकांसाठी राखीव निघाला तेव्हा ब्रँच सेक्रेटरी रवींद्रन आपण होऊन विणकर सोसायटीत आला होता. सगळ्यांसमोर थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारून म्हणाला, "वनजेच्ची, लागा तयारीला." बायकांनी माग थांबवून टाळ्या वाजवल्या. पार्टीचं काम मी बावीस वर्षं केलं. अकरा वर्षं बचत गट सांभाळले, पुराच्या वर्षी शाळेत दोनशे माणसांचा भात शिजवला. हे चारचौघांत बोलायची लाज वाटते, पण डायरीत लिहायला हरकत नाही.

आज रवींद्रनला चहाच्या टपरीवर गाठलं. तो पेल्यात बघत म्हणाला, "वरून ठरलंय. आणि चेच्ची, घरोघरी तुम्हीच सांगत होतात ना, नाव बघू नका, चिन्ह बघा?"

मीच सांगत होते. दर निवडणुकीला, प्रत्येक ओटीवर. माझंच वाक्य त्यानं माझ्या तोंडावर मारलं आणि चहा प्यायला लागला. घरी येईपर्यंत दहा उत्तरं सुचली.

१२ नोव्हेंबर

अपक्ष उभी राहणार. ठरलं.

पवित्रेट्टांना सांगितलं तेव्हा ते न्याहारीचा वाफवलेला पुट्टू कुस्करत होते. बराच वेळ कुस्करत राहिले. एकोणिसाव्या वर्षी पार्टीचं कार्ड घेतलेला माणूस. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा ब्रँचच्या बैठका बघून धरली होती. मला वाटलं आता भांडण होणार. ते म्हणाले, "तुझी इच्छा. मी भाषण करणार नाही, कुणाकडे मत मागणार नाही. पण तू एकटी फिरायची नाहीस. मी बरोबर चालेन."

मला रडू आलं. तीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नाही आणि मला कशाला अडवलंही नाही. ज्या घरात ते राहतात ते माझ्या आईचं, अम्माचं, तरी कधी तोंडातून शब्द काढला नाही.

१४ नोव्हेंबर

अर्जावर सूचक म्हणून रोहिणीची सही घ्यायची असं मी धरूनच चालले होते. सव्वीस वर्षं आमचे माग शेजारी शेजारी आहेत. तिचा धोटा अडकला तर आवाजावरून मला कळतं.

ती म्हणाली, "वनजे, सही नको मागूस."

"का?"

"लीना सोसायटीच्या बँकेत लागलीय, अजून कायम झाली नाही. माझं नाव तुझ्या कागदावर दिसलं तर पोरीचं काय होईल ते तुला सांगायला हवं का?"

"तू घाबरलीस."

"घाबरले," ती म्हणाली. "तुझं बरं आहे, तुला पोर नाही."

हे ती बोलायला नको होती. बोलल्यावर तिलाही कळलं. तिनं तोंड फिरवून मागावर पाय चालवायला सुरुवात केली.

शेवटी तारल्या विकणाऱ्या आसियानं सही केली. हात दोनदा धुतले तरी कागदाला माशांचा वास राहिला. निवडणूक अधिकाऱ्यानं कागद जरा लांब धरून वाचला.

१८ नोव्हेंबर

पार्टीतून काढल्याचा कागद टपरीच्या फळ्यावर लागला. 'पार्टीविरोधी कृत्याबद्दल'. माझ्या नावाचं स्पेलिंग मात्र बरोबर आहे.

२४ नोव्हेंबर

चिन्हं वाटली. मी शिडी मागितली होती, ती दुसऱ्या कुणाला गेली. मला मिळाला फणस. डिसेंबरात फणस. झाडावर दाखवायलासुद्धा एक नाही.

अम्माला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बरोबर मिळालं. वरून काटे आणि हात लावला की चीक."

अम्मा आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले, कान मात्र शाबूत आहेत, जीभ तर आहेच. मत द्यायला लागल्यापासून तिनं एका चिन्हाशिवाय कशावर बोट ठेवलं नाही. आजारपणात खुर्चीवरून उचलून नेली तरी तिथंच. मी म्हणाले, "अम्मा, तू पार्टीलाच दे, मला वाईट वाटणार नाही."

ती म्हणाली, "आजवर चिन्हाला दिलं. कुणाचं नाव खाली आहे ते कधी विचारलंसुद्धा नाही. या खेपेला पोरीला देईन. वरची दोन, तालुक्याचं आणि जिल्ह्याचं, ती देते पार्टीला. गावचं तुझं."

तीन मशीनं शेजारी शेजारी असतात, पहिलं गावचं. माझं नाव चार जणांत शेवटी आहे. पुठ्ठ्यावर चार चिंचोके चिकटवून अम्माला सराव करून द्यावा असं माझ्या मनात होतं. मी उमेदवार, म्हणून मला तिच्याबरोबर आत जाता येणार नाही. पवित्रेट्टा म्हणाले, "कशाला त्यांना या वयात शिकवत बसतेस? मी जाणार आहे ना बरोबर." तेही खरंच. पुठ्ठा टाकून दिला.

२७ नोव्हेंबर

नाव रंगवायला भिंत मिळत नाही. गावातल्या सगळ्या भिंती पार्टीनं दोन वर्षांपूर्वीच चुना लावून 'बुक्ड' करून ठेवल्यात. त्यातली निम्मी अक्षरं मीच घासून पक्की केली होती.

मग लक्षात आलं की आपल्या घराची रस्त्याकडची भिंत आहे. उत्साहानं ब्रश घेऊन गेले तर तिथंही 'बुक्ड'. पवित्रेट्टांनी दिलेली. म्हटलं, पुसू या. ते म्हणाले, "शब्द दिलाय वनजा. तेव्हा दिला होता, पण दिलाय."

दुपारी पोरं येऊन अनुश्रीचं नाव हातभर अक्षरांत रंगवून गेली. माझ्याच भिंतीवर. पवित्रेट्टांनी त्यांना पाणी नेऊन दिलं. आसिया टोपली घेऊन जाताना थांबली आणि म्हणाली, "वनजेच्ची, निदान खाली एक बाण तरी काढा. 'उमेदवार आत राहतात' म्हणून." मी हसले. हसताना चिडलेही होते. पण शब्दाला इतका जपणारा नवरा किती जणींना मिळतो, हेही मनात आलं.

२ डिसेंबर

आज दीडशे घरं झाली. पवित्रेट्टा दहा पावलं मागे चालतात, हातात माझी पत्रकं. मी ओटीवर चढते, ते फाटकाशी थांबतात. लोक आत मला म्हणतात, "तुम्हालाच देणार, हे काय विचारणं झालं?" आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले की पवित्रेट्टांना मान झुकवतात.

संध्याकाळी लीना डबा देऊन गेली. रोहिणीनं पाठवला होता. आत फणसाच्या आठळ्यांची भाजी, खोबरं घालून. निरोप काही नाही.

डबा उघडा ठेवून मी बघत बसले. सही करायला हात नव्हता, टोमणा मारायला मात्र डबा पाठवता येतो. फणस काय, घे, फणस खा. अम्मा म्हणाली, "वास छान येतोय, वाढ की." मी सगळी गाईला घातली. डबा घासला नाही, तसाच परत केला.

६ डिसेंबर

बाजारात सगळे म्हणतात मीच येणार. विरोधी पक्षवालेसुद्धा म्हणतात. रवींद्रन रस्ता बदलून जातो. काल अनुश्री भेटली, बिचारी उन्हानं लाल झाली होती. मला म्हणाली, "चेच्ची, आठव्या नंबरच्या घरी कुत्रा आहे का?" मी सांगितलं की आहे, पण साखळीला असतो. पोर वाईट नाही. तिचा राग धरावा असं तिच्यात काही नाही, हाच माझा राग.

पवित्रेट्टांनी कॅलेंडरच्या मागे घरं मांडली. "कितीही खाली धरलं तरी चारशे तीस. सत्तर मतांनी येतेस." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका मोकळा आणि हलका झाला होता की मीच त्यांना म्हटलं, आता तरी तुम्हाला आनंद झाल्याचं कबूल करा. ते म्हणाले, "झाला. तू येणारच आहेस. आता कुणी कसंही मत दिलं तरी तू येणार."

९ डिसेंबर

मतदान झालं. पाय ठणकतायत, थोडंच लिहिते.

रोहिणी सकाळपासून शाळेच्या फाटकाबाहेर पार्टीच्या टेबलाशी बसली होती, चिठ्ठ्या देत. मी समोरून गेले तेव्हा तिनं वर बघितलं आणि परत यादीत डोकं घातलं. सव्वीस वर्षं.

साडेदहाला पवित्रेट्टा अम्माला रिक्षातून घेऊन आले. अम्मानं धुवट मुंडू नेसलं होतं, कपाळाला चंदन. सोबत जाणाऱ्याला मत गुप्त ठेवीन म्हणून कागदावर सही करावी लागते, आणि त्याच्या उजव्या बोटालाही शाई लागते. त्यामुळे पवित्रेट्टांच्या दोन्ही हातांना शाई. बाहेर आल्यावर अम्मानं मला हाक मारून जवळ बोलावलं आणि कानात, म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं गं. पहिल्या मशीनचं अगदी वरचं बटण. तुला पहिला नंबर दिलाय होय गं सरकारनं!"

लोक हसले, मीही हसले. तिला वर काय आणि खाली काय, दिसतंय कुठं! पवित्रेट्टा तोवर रिक्षावाल्याशी बोलायला पुढे गेले होते. दमले असावेत, दुपारी जेवले नाहीत. म्हणाले, शाईचा वास येतो हाताला.

११ डिसेंबर

अनुश्री ३८७. मी ३८४.

दोनदा मोजलं. तीनच.

बाहेर फटाके फुटले. अनुश्रीनं माझे हात धरले, तिचे गार पडले होते. रवींद्रननं लांबून हात जोडले. पवित्रेट्टा फाटकाशी उभे होते. मी आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "तीन?" मी म्हटलं, हो. त्यांनी परत विचारलं, "तीनच?" आणि तिथं कठड्यावर बसले. मलाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. माझ्या हरण्याचं माझ्यापेक्षा त्यांना जास्त लागलं.

१३ डिसेंबर

कालपासून याद्या करतेय. कोणी हो म्हणून पाठ फिरवली? दुधवाला नाणू? तिसऱ्या गल्लीतली बहीण-भावंडं? तोंडावर हसून ज्यांनी मला फसवलं ती तोंडं एकेक करून आठवते. रस्त्यानं जाता येत नाही. समोरून येणारा प्रत्येक माणूस त्या तिघांपैकी वाटतो.

पण एक नाव मला शोधावं लागत नाही. आज सोसायटीत गेले आणि माग सुरू करण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रोहिणी, लीना कायम झाली का गं? माझ्या मतानं झाली असेल."

रोहिणीनं तुटलेला धागा उचलला, ओला केला, गाठ मारली. "नाही झाली अजून," एवढंच म्हणाली.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१७ डिसेंबर

आज घडलं ते नीट क्रमानं लिहायला हवं.

चार वाजता रोहिणी आली. मी दारात आडवी उभी राहिले. ती म्हणाली, "तुझ्याकडे नाही, अम्माला भेटायला आलेय." म्हणून आत सोडलं. अम्माला कोण आनंद. तिचा हात धरून तिनं मतदानाची गोष्ट सुरू केली. आठ दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगून झालीय. रिक्षा, रांग, साहेबांनी दिलेली खुर्ची. मी आत भांडी लावत होते.

"आणि पवित्रननं माझं बोट धरून पहिल्या मशीनच्या अगदी वर नेलं, तिथं दाबलं. दुसऱ्यावर मधे. तिसऱ्यावर परत वर."

रोहिणी म्हणाली, "अम्मा, पहिल्यावर वर? नीट आठवतंय?"

"आंधळी आहे गं, खुळी नाही. सगळ्यात वर. त्याच्या वर नुसती मशीनची कड होती, नखाला लागली माझ्या."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. दारातून बघितलं तर रोहिणी माझ्याकडेच बघत होती. पार्टीच्या टेबलावर नमुन्याची मतपत्रिका दिवसभर तिच्यासमोर होती. सगळ्यात वर अनुश्री आणि शेवटी मी, हे तिला माझ्याइतकंच पाठ. तिनं लगेच नजर काढून घेतली आणि अम्माला म्हणाली, "हो हो, वरच. बरोबर दिलंत तुम्ही."

मी फाटकापर्यंत गेले तिच्याबरोबर. ती म्हणाली, "आठळ्या खाल्ल्यास तेव्हा?"

"गाईला घातल्या."

"मे महिन्यापासून मातीत पुरून ठेवल्या होत्या. पावसात निम्म्या कुजल्या." तिनं पदर सारखा केला. "दुसरं काय करणार होते? तोंडानं बोलता येत नव्हतं, म्हणून पाठवल्या. म्हटलं, वनजाला कळेल."

वनजाला कळलं नाही. वनजा घरोघरी माणसं ओळखत फिरत होती.

१८ डिसेंबर

सकाळी अम्मा न्हाणीघरात असताना विचारलं. पवित्रेट्टा परसात केळीची पानं कापत होते.

"अम्माचं मत कुणाला दिलंत?"

ते म्हणाले, "मी सही केलीय. ते सांगता येत नाही."

इतकी वर्षं याच स्वभावाचं मला कौतुक होतं. मी म्हटलं, "आणि तुमचं?"

त्यांनी विळा पानावर ठेवला. उजव्या बोटाची शाई नखापाशी अजून काळी आहे. "तू येणारच होतीस वनजा. सगळे म्हणत होते. सत्तर मतांनी. मला वाटलं, तूही येतेस आणि माझंही राहतं. चाळीस वर्षं एकदाही... माझा हातच गेला नाही दुसरीकडे."

"तुमचं जाऊ द्या. तुमचं मत तुमचं. तिचं का घेतलंत?"

त्यांनी कापलेली पानं एकावर एक लावली. मग म्हणाले, "त्यांचं वय बघ. हे कदाचित शेवटचं मत. सगळं आयुष्य पार्टीत गेलं त्यांचं, शेवटचं बाहेर जाऊ नये असं वाटलं. प्रेमापोटी बोलल्या होत्या त्या. समजून नव्हत्या बोलल्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं, समजून नव्हती बोलली?"

"तू तरी हेच सांगायचीस ना लोकांना? नाव बघू नका."

"मी सांगायचे," मी म्हणाले. "कुणाचं बोट धरून दाबायला लावत नव्हते."

"तीन मतांनी," ते म्हणाले. "तू एकदा हरलीस. मी रोज मोजतो. आमची दोन तिकडची काढून तुझ्यात घातली की..."

"मोजू नका," मी म्हटलं. "मला येतं मोजता."

त्यांनी मला फसवलं असं त्यांना अजूनही वाटत नाही. मतांचा आकडा चुकला असं वाटतं. भिंतीला दिलेला शब्द त्यांनी पाळला, सही पाळली, कार्ड पाळलं. न पाळलेलं एकच राहिलं, आणि ते कुठं लिहून दिलेलं नव्हतं. रवींद्रननं पाठीत वार केला तेव्हा मला राग आला होता. आज राग येत नाही. आज मी माझ्याच घरात कुठं बसावं ते कळत नाही.

१९ डिसेंबर

सोसायटीत सगळ्यांसमोर रोहिणीची माफी मागितली. कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, "बस खाली, उशीर झालाय." दुपारी तिनं आपल्या डब्यातला भात माझ्यापुढे सरकवला.

२१ डिसेंबर

अम्माला खरं सांगायचं ठरवून आज सकाळी ओटीवर तिच्या केसांना तेल लावायला बसले. तिचं मत होतं. ते कुठं गेलं हे तिला कळायला हवं. दोन दिवस मी वाक्यं जुळवत होते.

पवित्रेट्टा काळा चहा घेऊन आले आणि पायरीवरच थांबले. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं.

मी म्हटलं, "अम्मा, तुझ्या मताचं एक सांगायचंय."

"सांग की." तिनं मान माझ्याकडे वळवली. "तीन मतांनी गेलीस म्हणतात. कोण गं ते तिघं? जाऊ दे. पण पोरी, मी बाई नवऱ्यानं सांगितलं तिथं दिलं, मग भावानं सांगितलं तिथं, मग तू सांगितलंस तिथं. हे पहिलं मी माझ्या मनानं दिलं. रात्री आठवलं की हसू येतं मला. पोचलं ना ते?"

तेल माझ्या बोटांवरून मनगटावर आलं. जुळवलेली वाक्यं सगळी तोंडात होती.

"पोचलं, अम्मा."

पायरीवर पवित्रेट्टांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. तो मला ऐकू आला. मी अम्मासाठी खोटं बोलले होते, पण सुटले ते.

अम्मालाही तो श्वास ऐकू गेला. कान तिचे शाबूतच आहेत. "पवित्रन आहे होय तिथं?" ती म्हणाली, आणि त्यांच्या दिशेनं हात पुढे केला. "एप्रिलमध्ये परत मतदान आहे म्हणतात, विधानसभेचं. तोवर जगले तर मला तूच ने रे बाबा. दुसऱ्या कुणाचा मला भरवसा नाही."